तेजलची दहा बोटं

मी आता जे सांगणार आहे त्यावर अख्ख्या चामटोलीत एक माणूस विश्वास ठेवणार नाही. तुम्हीही ठेवू नका. आधीच सांगितलेलं बरं, नंतर तोंडावर थापाड्या म्हणायला नको. यंदाच्या लावणीत एका खेकड्यानं माझ्या नातीची दहाच्या दहा बोटं पुसून टाकली.

तोडली नाहीत हं. पुसली. बोटं जागच्या जागी, नखं जागच्या जागी, फक्त टोकांवरच्या रेघा गेल्या. ओल्या फडक्यानं पाटी पुसावी तशा.

सात ऑगस्टला सकाळपासून मी देऊच्या दुकानाच्या ओट्यावर बसून हेच सांगत होतो. घरी बसवत नव्हतं. फोन देऊच्या वजनकाट्यावर ठेवला होता, म्हणजे वाजला तर मी बोलण्याच्या भरात असलो तरी कुणाला तरी ऐकू जाईल. काटा दाखवत होता एकशे ब्याण्णव ग्रॅम.

"आण्णा, फोन उचल. साखर जोखायचीय," देऊ म्हणाला.

"फोनसकट जोख. आठ ग्रॅम टाकलेस की दोनशे भरेल."

देऊ माझ्या वयाचा. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा. बनूबाई डोंगराकडच्या वाडीतून चहापावडर न्यायला आली होती, ती तांदळाच्या पोत्याला टेकून बसली. ती दरवर्षी आमच्या लावणीला असते.

"खेकडा केवढा म्हणालास?" देऊनं विचारलं.

"रिक्षाच्या चाकाएवढा."

"सकाळी ताटाएवढा होता."

"सकाळपासून वाढला."

"मी होते की शेतात," बनूबाई म्हणाली. "मला नाय दिसला."

"तू वाकलेली होतीस. तो तुझ्या पाठीवरून गेला."

"आणि खेकड्याला नांग्या दोन," देऊ म्हणाला. "बोटं दहा. कसं जमवलं त्यानं?"

"म्हणून तर पाच फेऱ्या माराव्या लागल्या त्याला."

बनूबाई पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो. पण फोन काही वाजत नव्हता.

आता जरा खेकडा बाजूला ठेवतो आणि नीट सांगतो.

तेजल म्हणजे माझ्या साईनाथची मुलगी. साईनाथ शहाडला कारखान्यात आहे, बिऱ्हाड उल्हासनगरात. पोरगी तिथल्याच एका कॉलेजात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिचा विषय पाणी. जांभूळ गावात एमआयडीसीचं पाणी शुद्ध करतात तिथं ती चार महिने खेपा घालत होती आणि कुठल्या टाकीत किती गाळ, कुठल्या टाकीत किती औषध, याची वही भरत होती. त्या वहीवर कॉलेजनं तिला निवडलं. सहा मुलं, बारा दिवस, नेदरलँड. बरोबर त्यांच्या सोनिया मॅडम. सव्वीस ऑगस्टचं विमान.

निवड झाली त्या रविवारी ती चामटोलीला आली आणि मला मोबाईलवर चित्रं दाखवायला लागली. "बघा आण्णा, हा बांध. या बाजूला समुद्र आणि या बाजूला शेत. शेत समुद्राच्या खाली आहे."

"खाली म्हणजे? पाण्यात?"

"नाही हो. पातळीच्या खाली. बांध घालून पाणी अडवलंय, आतलं उपसून बाहेर टाकतात. हे शिकायलाच तर चाललोय आम्ही."

बांध मला कळतो. मी साठ वर्षं बांध घालतोय. पण समुद्राला बांध! दुसऱ्या दिवशी मी देऊला सांगितलं की तिथले लोक ओटीवर बसून वर बघतात तर डोक्यावरून बोटी जातात, आणि बांधाला भोक पडलं की मासळी सरळ तव्यावर येते. देऊ म्हणाला, "सुजित म्हणत होता तसं काही नाही." आणि तो साखरेच्या पुड्या बांधायला लागला. सुजित त्याचा मुलगा. सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला म्हणून जर्मनीला गेला, त्याला हे चौथं वर्ष. रोज फोनवर दिसतो. देऊच्या दुकानात गणपतीचा आहे, साईबाबांचा आहे, वडलांचा आहे, पण सुजितचा फोटो नाही. विचारलं तर म्हणतो, भिंतीवर फोटो गेलेल्यांचे लावतात.

तेजलची तयारी जोरात चालली होती. उल्हासनगरच्या बाजारात एका सिंधी दुकानदाराकडून तिच्या आईनं जाड जाकीट घेतलं. मे महिन्याच्या उन्हात ते घालून पोरगी आरशासमोर उभी राहिली आणि घामानं निथळली. जिजानं, म्हणजे तिच्या आजीनं, मेतकूट करून बरणी भरली. मॅडमनं यादी दिली होती, तिच्यातल्या एकेका ओळीवर तेजल खूण करत होती. एका ओळीवर लिहिलं होतं, एकवीस जुलै, व्हिसा, बोटांचे ठसे.

आता आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. लावणीची पहिली मूठ, म्हणजे रोपांची पहिली जुडी, घरच्या लेकीनं लावायची. आधी माझ्या बहिणी लावायच्या. त्या सासरी गेल्या. मला मुलगी झाली नाही. मधली कितीतरी वर्षं जिजा लावायची, पण ती रीत नव्हे, ती वेळ भागवणं. मग तेजल झाली. पाच वर्षांची होती तेव्हा मी तिला बगलेत धरून खाचरात उभं केलं. तिनं रोप उलटं खोचलं, मुळं वर. मी ते तसंच ठेवलं, आणि सांगतो तुम्हाला, त्या वर्षी त्या रोपाला जमिनीखाली लोंबी आली. तेव्हापासून दरवर्षी मूठ तिचीच. बारावीच्या वर्षीही क्लास बुडवून आली, एक मूठ लावली आणि ओल्या पायांनी परत गेली.

यंदा जूनमध्ये तिचा फोन आला. "आण्णा, यंदा पहिली मूठ आजीला लावू द्या. मला जमणार नाही. कॉलेजचं पत्र, बँकेचं पत्र, विमा, सगळी कागदं गोळा करायचीयत. आणि एकवीसला ठसे आहेत."

"जा ग बाय," मी म्हणालो. "मूठ काय, कुणीही लावील."

फोन ठेवला तर जिजा म्हणाली, "तोंड का उतरलं?"

"दाढ ठणकतेय."

"दाढ मागच्या वर्षीच काढली तुम्ही."

सोळा जुलैला संध्याकाळी मी बांधावरून घसरलो आणि माझा पाय मुरगळला. मजूर मिळेनात, चिखलणी करून ठेवलेली, रोपं पिवळी पडायला लागलेली. मी तेजलला फोन केला. दुसरं कोण होतं मला? साईनाथची पाळी होती, सुट्टी मिळत नव्हती.

"पाय फार दुखतोय का?" तिनं विचारलं.

"टेकवत नाही," मी म्हणालो.

सकाळी साडेआठला ती दारात. खांद्यावर कागदांची पिशवी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. जिजा माझ्या घोट्याला हळद लावायला आली तर मी म्हटलं, राहू दे, मीच लावतो. जिजा वाटी माझ्याजवळ ठेवून चुलीकडे गेली. त्या दिवशी ती माझ्याशी फार बोलली नाही.

मी पायाला फडकं बांधून बांधावर घोंगडी घेऊन बसलो आणि तेजलनं पहिली मूठ लावली. एक दिवसासाठी आली होती. तीन दिवस राहिली, कारण माझा पाय काही उतरेना. बनूबाई आणि तिच्याबरोबरच्या दोघी पुढं, तेजल मागं. दुपारी जेवायला बसली की हात धुऊन पिशवीतून कागद काढायची, कोपरानं उलटायची, ओलं बोट लागू नये म्हणून. मी बांधावरून तिला गोष्टी सांगत होतो. तशी मजेत होती. मीही होतो. माझ्या आयुष्यातले फार चांगले तीन दिवस गेले ते, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती ओटीवर बसली आणि मॅडमला फोन करायला मोबाईलवर अंगठा टेकवला. मोबाईल उघडेना. परत टेकवला. पुसून टेकवला. दुसरं बोट टेकवलं.

"हा मला ओळखतच नाहीये," ती म्हणाली.

"ओळखेल कसा? अंगठा शेतात राहिला तुझा. उद्या उगवेल." मी असं बोललो.

तिनं हात माझ्यापुढं धरले. भिजवून सोललेल्या वालासारखी टोकं, पांढरी, सुरकुतलेली, मध्येमध्ये फाटलेली. आमच्याकडे याला चिखल्या म्हणतात. पायाच्या बोटांत सगळ्यांनाच होतात, तिच्या हातांनाही झाल्या. तीन दिवस सवय नसताना पाण्यात, दुसरं काय होणार. ती म्हणाली, आग होतेय. आणि भिंतीला टेकल्या टेकल्या तिचा डोळा लागला.

चिखल्यांना औषध एकच, मेंदी. आमच्या परसात झाड आहे. मी पाला तोडून आणला, पाट्यावर वाटला, आणि झोपलेल्या पोरीच्या दहाही बोटांच्या टोकांना टोप्या घातल्यासारखा लावला. लहानपणी तिच्या पायांना असाच लावायचो. ती झोपेत हसली, मला चांगलं आठवतंय.

ठसे आहेत हे मला माहीत होतं. नाही म्हणत नाही. पण ठसा म्हणजे काय, तर तलाठ्याकडे निळी शाई लावून अंगठा दाबतात तो. मेंदीवरून शाई लागली तर काय बिघडलं? माझ्या डोक्यात एवढंच.

सकाळी उठून तिनं हात बघितले. टोकं लालभडक, विडा चघळल्यासारखी.

"आण्णा, हे कधी केलंत?"

"आग थांबली की नाही?"

पिशवीतून यादी काढून तिनं मला एक ओळ वाचून दाखवली. हातांना जखम नको, रंग नको, मेंदी नको. मग ती मोरीत गेली, लिंबू चोळलं, मीठ चोळलं, शेवटी दगड घेतला. जिजानं दगड हिसकावून घेतला तोपर्यंत दोन बोटांतून रक्त आलं होतं.

एकवीसला मुंबईतल्या त्या कार्यालयात काय झालं ते तिनंच सांगितलं. शाईबिई काही नाही. एक काच असते, तिच्यावर आधी चार बोटं, मग दुसरी चार, मग दोन अंगठे. हिरवा दिवा लागला की ठसे उठले. बाकीच्या पाच मुलांचा हिरवा लागला. तेजलचा लाल. पुसून ठेवली, लाल. धुऊन आली, लाल. तिथली बाई चांगली होती बिचारी, तिनं चारदा करून बघितलं आणि म्हणाली, कातडी भरून आली की परत या. सोनिया मॅडमनी दहा फोन करून पुढची तारीख मिळवली, सात ऑगस्ट. त्यानंतरची एकही तारीख विमानाच्या आधी बसत नव्हती. सातला दिवा हिरवा लागला तर तेजल जाणार, नाहीतर सहाची पाच मुलं जाणार.

मधले सतरा दिवस पोरीनं हात कशाला लावले नाहीत. तिची आई तिला भांड्याला हात लावू देईना, केसही आईच विंचरायची. खोबरेल लावून सुती मोजे हातांत घालून ती उल्हासनगरच्या घरात बसून राहायची. रोज सकाळी मोजा काढून मोबाईलवर अंगठा टेकवायची. बाराव्या दिवशी तिचा फोन आला आणि ती नुसती ओरडली, "उघडला, आण्णा! उघडला!" मी धावत जाऊन जिजाला सांगितलं. बनूबाईच्या वाडीवर जाऊन सांगून आलो.

आणि एक गोष्ट. त्या सतरा दिवसांत तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. साईनाथ बोलला, त्याच्या बायकोनं फोनवर यायचं बंद केलं, ते बरोबरच आहे. पण तेजलचा फोन आला की पहिला प्रश्न एकच. "आण्णा, पाय कसा आहे?"

"उतरतोय," मी म्हणायचो. "अजून थोडी सूज आहे."

असं सगळं. तर सात तारखेला तीन वाजून गेले आणि फोन वाजेना. सकाळी अकराची वेळ होती तिची. हिरवा लागला असता तर बारालाच फोन आला असता, हे ओट्यावर सगळ्यांना कळत होतं. मी फोन उचलून बघितला, काटा शून्यावर आला. परत ठेवला.

"लाल लागला असेल तर लागला," देऊ हळू आवाजात म्हणाला. "बारा दिवसांचंच तर होतं. पोरगी इथंच राहील, आण्णा. वाईट का आहे?"

चार महिने मी मनात हेच घोळवत होतो, आणि त्याच्या तोंडून ऐकल्यावर मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं.

"वाईट आहे," मी म्हणालो. "तिनं वही भरलीय. तिला जायला हवं."

"मग खोट कुणाची?" बनूबाईनं विचारलं. सरळ विचारलं, माझ्याकडे बघून. "मेंदीची? का पान्याची?"

"खेकड्याची!" मी ओरडलोच. "किती वेळा सांगू? खेकड्याची!"

आणि मी उभा राहिलो. माझी पाठ रस्त्याकडे, तोंड दुकानाकडे. मागं एक रिक्षा येऊन थांबल्याचं मी ऐकलं, पण रिक्षा दिवसभर थांबत असतात. मी सुरू झालो.

"दुसऱ्या दिवशीची गोष्ट. पोरगी वाकून रोप खोचतेय आणि चिखलातून दोन डोळे वर आले, बोरांएवढे. मी बांधावरून बघतोय. त्यानं तिचा हात धरला! नांगीनं नाही, जिभेनं. खेकड्याला जीभ असते, खरखरीत, कानशीसारखी. एकेक बोट धरतोय आणि घासतोय. रेघा चाटून घेतोय. का? तर त्यालाही जायचं होतं तिकडं! समुद्राखालच्या शेतात! ठसे घेऊन तोच जाणार होता विमानात बसून!"

कुणी हसलं नाही. देऊनं मध्ये तोंड घातलं नाही. बनूबाई तर डोळे मोठे करून ऐकत होती. आयुष्यात माझी गोष्ट इतक्या शांततेत कुणी ऐकली नव्हती. मला वाटलं, यावेळी जमली. यावेळी सगळे मानणार की खोट खेकड्याची.

देऊनं नंतर सांगितलं ते असं. राजूच्या रिक्षातून उतरली ती तेजल. हातात बदलापूर स्टेशनजवळून घेतलेला पेढ्यांचा पुडा. मोबाईलची बॅटरी मुंबईतच संपली होती, म्हणून फोन आला नव्हता, आणि आईबापाच्याही आधी मला सांगायचं म्हणून ती उल्हासनगरला न उतरता सरळ इकडं आली होती. राजू ओरडणारच होता की दहाच्या दहा ठसे उठले. तिनं ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं. तिला माझी गोष्ट शेवटापर्यंत ऐकायची होती. ती हसत होती, देऊ म्हणाला. पुडा पाठीमागं लपवून, लहानपणी ऐकायची तशी.

मला यातलं काही माहीत नाही. मी रंगात आलो होतो.

"मग मी काय केलं? बसून राहीन? मी घोंगडी फेकली आणि उडी मारली! खेकडा पुढं, मी मागं! पहिला बांध ओलांडला, दुसरा ओलांडला, तिसरा तर मी हरणासारखा एका ढांगेत, हा असा!" आणि देऊच्या ओट्यावर मी ती उडी मारून दाखवली. दोन्ही पायांवर. अशी की वजनकाट्यावरचा फोन हलला. "जांभळाच्या झाडापर्यंत पळत गेलो त्याच्या मागं, या पायांनी, बहात्तराव्या वर्षी, आणि दम लागला नाही!"

बनूबाईनं मान खाली घातली. देऊ माझ्या खांद्यावरून मागं बघत होता.

"आण्णा," मागून तेजलचा आवाज आला, "पण त्या दिवशी तर तुमचा पाय मुरगळला होता. म्हणून तर मी आले होते."